परीक्षा झाली की

२ फेब्रुवारी, रविवार

चि. सूनबाईस आशीर्वाद.

आज पहिली पाळी होती. सकाळी पंपहाऊसवर गेलो, दोन्ही पंप चालू केले, वरची टाकी भरून घेतली. दुपारी परत आलो. आपली भिंगरी शाळेचा अभ्यास करून जेवली, थोडं ताटात टाकलं, मग झोपली. संध्याकाळी कामगार सभागृहात नाटक होतं. फुकट होतं, आणि शेजारच्या मशीनवाल्या मावशींनी फार आग्रह केला म्हणून तिला घेऊन गेलो. नाटक पाहून परत आलो. तिला कालपासून खोकला आहे. काळजीचं काही नाही.

मावशींनी दुसरं शिलाई मशीन घेतलं आहे. आता भिंतीतून दोन मशीनचा आवाज येतो.

नाटकाबद्दल तुला एक विचारायचं आहे. करणारी माणसं चारच होती. पडदा नाही, दिवे नाहीत, सभागृहातल्याच खुर्च्या ओढून त्यांनी घर मांडलं होतं. गोष्ट अशी की एका बाईचा नवरा वारला आहे. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागते. मुलगी सासऱ्याजवळ राहते. बाई मुलीला न्यायला येते तेव्हा सासरा नाही म्हणत नाही, पण दर वेळी नवीन काहीतरी काढतो. आधी तू तिथे नीट बस मग ने, तिला खोकला आहे, पाऊस संपू दे. असं करत करत मुलगी तिथेच राहते. सासऱ्याचं काम करणाऱ्या पोराने केसांना पावडर लावली होती आणि तो फार गोड बोलत होता. मला ते आवडलं नाही.

या लोकांपैकी तू कोणाला ओळखतेस का? तू त्यांना काही सांगितलं असलंस तर मला कळायला हवं. घरातली गोष्ट घरात राहावी एवढंच माझं म्हणणं आहे.

मी भिंगरीला अडवून ठेवलेलं नाही. मागच्या महिन्यात तू न्यायला आलीस तेव्हा तीच तुझ्या तोंडावर म्हणाली, मी नाही येणार. मी मध्ये एक शब्द बोललो नाही. तू पाणीसुद्धा न घेता निघून गेलीस. तेव्हापासून तू मावशींच्या फोनवर फोन करून तिच्याशी बोलतेस. मला ते कळतं, मी काही म्हणत नाही. तिचा बाप गेल्यापासून या घरात बोलायला तसंही फार काही राहिलेलं नाही.

आता शाळा मध्ये सोडू नये असं मला वाटतं. परीक्षा झाली की बघू.

एक्स-रेच्या खोलीत काम करताना तो शिशाचा जड कोट घालत जा. कंटाळा करू नकोस.

आबा


५ फेब्रुवारी, बुधवार

चि. सूनबाईस,

रविवारचं पत्र टपालात टाकलं. त्यात खोटं काही नाही, पण 'नाटक पाहून परत आलो' हे अर्धंच आहे. उरलेलं मावशी तुला फोनवर सांगतील, एव्हाना सांगितलंही असेल. त्यांच्याकडून तिखटमीठ लावून कळण्यापेक्षा मी सांगतो.

त्या लोकांची पद्धत वेगळी आहे. नाटक एकदा करून दाखवतात आणि ते वाईट संपतं. मग त्यांच्यातली मुख्य बाई, तिला सगळे ताई म्हणत होते, पुढे येऊन सांगते की आता हेच पहिल्यापासून पुन्हा करणार. बघताना ज्याला वाटेल की इथे काही वेगळं करता आलं असतं, त्याने 'थांबा' म्हणायचं आणि उठून पुढे यायचं. ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याला बाजूला करायचं, त्याच्या जागी उभं राहायचं, आणि स्वतः करून बघायचं. बाकीचे नट सहजासहजी ऐकत नाहीत, अडून राहतात. ताई म्हणाली, घरी तरी कोण सहज ऐकतं?

सगळ्यांच्या आधी मावशी उठल्या. सुनेच्या जागी उभ्या राहिल्या आणि पोरीला काखोटीला मारून सरळ चालायला लागल्या. पोर म्हणजे एक उशी होती, तिला फ्रॉक घातला होता. पावडरवाला सासरा आडवा आला नाही. म्हणाला, ने की, तुझीच आहे, फक्त उठवून एकदा तिला विचार. मावशींनी उशीकडे बघितलं. उशीला काय विचारणार? खाली येऊन बसल्या आणि म्हणाल्या, मेला गोड बोलून गळा कापतो. मग बसचा एक कंडक्टर सून झाला. त्याने कायदा काढला. सासरा रडायला लागला. कंडक्टरही पडेल चेहऱ्याने खाली आला.

माझ्या मनात तोवर एकच चाललं होतं, की या म्हाताऱ्याची बाजू कोणीच घेत नाही. मुलगा त्याचा गेला आहे. घर त्याचं रिकामं होणार आहे. आणि सगळं सभागृह त्याच्यावर दात धरून बसलं आहे. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं नाही हे तुला माहीत आहे. तुमच्या लग्नात दोन शब्द बोलायची पाळी आली तेव्हा मी पाण्याचा जग घेऊन पंगतीत वाढायला निघून गेलो होतो. पण त्या दिवशी मी 'थांबा' म्हणालो.

पुढे जाऊन खुर्चीवरच्या त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ऊठ बाबा, मी बसतो.

ताई माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "काका, ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी यायचं."

"हो," मी म्हणालो. "म्हणूनच तर आलो."

आधी कोणी हसलं नाही. मग मागून एकजण हसला, आणि मग सगळेच. ताई मात्र हसली नाही. तिने लोकांना विचारलं, काकांना बसू द्यायचं का? मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बसू द्या. सवयीची जागा आहे त्यांची."

मला तेव्हाच परत फिरता आलं असतं. पण मी बसलो. मनाशी ठरवलं की त्या पोरासारखं गोड बोलायचं नाही, सरळ मनातलं बोलायचं, म्हणजे लोकांना समजेल. सुनेचं काम करणारी मुलगी समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, मी तिला न्यायला आले आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, परीक्षा झाली की ने.

हे त्यांच्या नाटकात नव्हतं. तो पोरगा खोकल्याचं म्हणायचा, पावसाचं म्हणायचा. परीक्षेचं माझं स्वतःचं होतं.

"पहिलीतल्या पोरीला कसली परीक्षा?" मावशींनी मागून विचारलं.

मग जे हसले ते आधीसारखे हसले नाहीत. आधी त्यांना वाटलं होतं की म्हाताऱ्याला नियम समजला नाही. आता त्यांना समजलं होतं. मी उठलो, चप्पल सापडेना, एक पायात घालून दुसरी हातात घेऊन बाहेर आलो. भिंगरी मावशींच्या मांडीवर होती. सगळे हसत होते म्हणून तीही हसत होती.

आता पंपहाऊसवर नवीन म्हण झाली आहे. खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा असं कोणी विचारलं की व्हॉल्व्हवाला म्हणतो, परीक्षा झाली की. माझ्यासमोरच म्हणतो. त्याच्या मनात वाईट नाही. मीही हसल्यासारखं करतो.

तुझ्यावर संशय घेतला त्याबद्दल लिहायचं आहे. सोमवारी ते लोक सामान टेम्पोत भरत होते तेव्हा मी गेलो होतो. ताईला विचारलं की आमच्या घरचं तुम्हाला कोणी सांगितलं. ती म्हणाली, "कोणी नाही, काका. हे नाटक आम्ही गावोगाव करतो. दर गावात कोणीतरी हेच विचारायला येतं." तिच्या हातात ती फ्रॉक घातलेली उशी होती. मला चहा घेता का विचारलं. मी नको म्हणालो.

म्हणजे तू काही बोलली नव्हतीस. मी उगाच लिहिलं. माफ कर.

रविवारच्या पत्रातही मी खोकल्याचं आणि परीक्षेचं लिहिलं आहे, हे ते टपालात टाकून आल्यावर लक्षात आलं. खोकला खरा आहे.

आबा


१६ फेब्रुवारी, रविवार

चि. सूनबाईस,

आज सुट्टी. सकाळी कपडे धुतले, भिंगरीची नखं कापली. तिचा खोकला गेला. तुझं उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

नाटकापासून पोरीला एक खेळ सापडला आहे. मी दूध पी म्हणालो की ती 'थांबा' म्हणते, मला खुर्चीवरून उठवते, स्वतः बसते आणि मला दूध प्यायला लावते. अंघोळीचंही तेच, अभ्यासाचंही तेच. मी हसायचो. मावशी म्हणायच्या, बरी जिरते आहे तुमची, भाऊ.

आज दुपारी ती म्हणाली, "आबा, तू आई हो. मी आबा होते."

तुझा करडा स्वेटर इथे राहिला आहे, तो तिने माझ्या खांद्यावर टाकला. माझा चष्मा स्वतःच्या नाकावर चढवला. बाहुलीला भिंगरी केलं आणि मांडीवर घेतलं. मला दाराबाहेर जाऊन कडी वाजवायला लावली. मी आत आलो. तिने सांगितलं, आता म्हण, न्यायला आले. मी म्हणालो, न्यायला आले.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी बघतो तसंच. आणि जाड आवाज काढून म्हणाली, "तिथली खोली अगदी लहान आहे. तिची गादी मावायची नाही. आणि आई दिवसभर कामावर. पोर आपली एकटी, बाहेरून कुलूप."

मी उभाच राहिलो. ती म्हणाली, तू बोल ना, तू आई आहेस ना. खरंच सांगतो, त्या दारात उभं राहून काय बोलायचं असतं ते मला सुचलं नाही. मग तिने बाहुलीची मान हलवली आणि बाहुलीच्या आवाजात म्हणाली, "मी नाही येणार."

हे सगळं मी तिला सांगितलेलं आहे. तू मागच्या महिन्यात येणार होतीस त्याच्या आधी, रोज सकाळी तिची वेणी घालताना. खोलीचं, गादीचं, कुलपाचं. मी नाही येणार असं म्हण, असं मी तिला कधी शिकवलं नाही. शिकवायची गरज पडली नाही. तू दारात उभी राहून जे ऐकलंस ते तिच्या तोंडून आलं, पण बोललो मी होतो. मी मध्ये एक शब्द बोललो नाही असं तुला लिहिलं. मध्ये बोलण्यासारखं काही शिल्लक ठेवलंच नव्हतं.

तुला वाटलं असेल की पोटच्या पोरीला आपण नकोसे झालो. तुझा चेहरा मी बघत होतो. बॅगेचा बंद दोन वेळा तुझ्या खांद्यावरून घसरला, तो तू परत चढवलास. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. हे लिहू नये असं वाटत होतं, पण हे सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तुझी खोली मी पाहिलेली नाही. ती लहान की मोठी हे मला ठाऊक नाही. दिवसभर ती कुठे राहील याची तू सोय केली असशील, ते मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, आणि मग माझ्याकडे काही उरलं नसतं.

मी असं का केलं याचं कारण द्यायचं तर ती झोपेत तळपाय भिंतीला टेकवते. तो लहानपणी तसाच झोपायचा. भिंतीवर त्याच्या पायांचे डाग पडायचे आणि तुझ्या सासूबाई ओरडायच्या. आता तिथेच तिच्या पायांचे पडले आहेत. मी ते बघत बसतो. एवढंच कारण आहे. यापेक्षा मोठं नाही.

खेळ संपल्यावर तिने चष्मा परत दिला आणि विचारलं, मला आबा नीट जमला का. मी म्हणालो, जमला.

ती तुझ्याकडे येईल. कधी ते तू सांग. मी काहीही कारण काढणार नाही.

आबा


२ मार्च, रविवार

चि. सूनबाईस,

सुखरूप पोचलो. परतीच्या बसला गर्दी नव्हती. खिडकीशी जागा मिळाली. घरी येऊन भात टाकला, जेवलो.

तू फोनवर, "रविवारी आणून सोडा," एवढंच म्हणालीस. तेवढंच बरोबर होतं. मी आणखी काही ऐकायच्या लायकीचं वागलेलो नाही.

आज तू खालून खुर्ची आणायला गेलीस तेव्हा वर काय झालं ते तुला सांगायला हवं. म्हणून हे पत्र. समोर सांगता आलं असतं, पण मी तसा माणूस असतो तर एवढं सगळं झालंच नसतं.

बसमध्ये ती मजेत होती. खांब मोजत होती, चुकत होती, परत मोजत होती. तुझ्या जिन्यापाशी आल्यावर गप्प झाली. तू दार उघडलंस, तिला जवळ घेतलंस, तेव्हा तिने माझं बोट सोडलं नाही, हे तू पाहिलंस. बसायला खुर्ची आणते म्हणालीस आणि खाली गेलीस. मला वाटतं, तुला थोडा वेळ बाहेर जायचं होतं.

खोली लहान नाही. खिडकीखाली तू गादीपुरती जागा मोकळी ठेवली आहेस, भिंतीला लागून. भिंत नव्याने रंगवलेली दिसली.

ती हळूच मला म्हणाली, "आबा, मी नाही राहणार. गादी मावणार नाही."

मी खाली बसलो. तिला म्हणालो, मावते. ती बघ जागा. ती म्हणाली, पण तू म्हणाला होतास. मी म्हणालो, ते मी खोटं सांगितलं होतं.

"आबा खोटं बोलला?"

"हो."

"आणि कुलूप?"

"तेही."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर चिडेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. बसमध्ये सगळा वेळ मी तीच तयारी करत होतो. पण ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिने विचारलं, "मग बाबा परत येणार नाही, ते?"

मला आधी समजलंच नाही ती काय विचारते आहे. मग समजलं. तो गेल्यावर तिला ते मीच सांगितलं होतं. तू तेव्हा कोणाशी बोलत नव्हतीस.

मी म्हणालो, "ते खरं आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने थोडा विचार केला. मग माझं बोट सोडून खिडकीपाशी गेली आणि खाली बघायला लागली. तेवढ्यात तू खुर्ची घेऊन आलीस. मी बसलो नाही, निघतो म्हणालो. तुला वाटलं असेल म्हाताऱ्याचा पीळ अजून गेला नाही. तसं नव्हतं. बसलो असतो तर उठणं जमलं नसतं.

ती तुला त्याच्याबद्दल पुन्हा विचारेल. आज, उद्या, केव्हातरी. मी उत्तर दिलं आहे, पण माझ्या उत्तरावर आता तिने का विश्वास ठेवावा? ज्याने गादीचं खोटं सांगितलं तो बापाचंही सांगू शकतो, असं तिच्या मनात आलं तर ती चुकते आहे असं मला म्हणता येणार नाही. गेल्या वर्षभरात मी जे काही केलं त्यात हे सगळ्यात वाईट आहे, आणि हे मला आज दुपारपर्यंत दिसलं नव्हतं. तिला तू सांग. तुझं ती खरं मानेल. आणि तुला सांगणं जड जाईल हे मला माहीत आहे. ते ओझं मी उचललं होतं, आणि अर्ध्या वाटेत मळवून तुझ्या हातात दिलं.

भेटायला कधी येऊ हे मी विचारत नाही. तू म्हणशील तेव्हा येईन. नाही म्हणालीस तरी ती तुझी मुलगी आहे, मला समजेल. तिला दुधात साखर कमी लागते. झोपताना दार पूर्ण लावलेलं चालत नाही. बाकी तुला माहीत आहेच.

मावशी आत्ता येऊन गेल्या. दारातूनच विचारलं, सोडून आलात? मी हो म्हणालो. त्यांनी टोमणा मारला नाही. मग म्हणाल्या, जेवलात का? एवढंच विचारून गेल्या. आज मशीनचा आवाज नाही.

बेसिनखालचा नळ ठिबकतो आहे. भांडं लावून गेलो होतो, ते भरून वाहत होतं. येताना स्टँडवरच्या दुकानातून वॉशर आणला आहे. आता हे पत्र पुरं केलं की बसवतो. तिथे खाली अंधार आहे, दोन्ही हात पान्याला लागतात. बॅटरी दातांत धरतो.

आबा